यजमानांचे बूट

अकोला, मार्गशीर्ष शु. ५, शके १७८६

राजश्री देवीदासपंत व्याही यांसी शालिकराम शास्त्र्यांचे सा. न. वि. वि.

अमरावतीहून सुखरूप पोचलो. राग माझ्याआधी पोचला होता. तुमचा टौनहॉल देखणा झाला. कापसाच्या पैशाने कमानी दिल्या, झुंबरे दिली. थोडी लाजही द्यायची. देशी जोडा दाराबाहेर, विलायती बूट मात्र साहेबांपुढे चालतात, हा नियम ऐकून आम्ही निमूट अनवाणी आत आलो. पण वास्तुपूजेचे यजमान तुम्ही, आणि बुटांसकट गणपतीपुढे पाटावर बसलात! साहेबांना गणपती ठाऊक नाही. तुम्हांला आहे ना? म्हणून अक्षता खाली ठेवल्या आणि यजमानांचे पाय मोकळे होईतो संकल्प सांगणार नाही म्हणालो. पुन्हा तेच म्हणेन.

असो. चि. जमुनेला आठवा लागला. ठरल्याप्रमाणे बाळंतपणाला धाडावी.

लोभ शिल्लक असल्यास जपावा.

---

अमरावती, मार्गशीर्ष शु. ९

शास्त्रीबुवांस देवीदासाचा नमस्कार.

बूट काढायचेच होते हो! सकाळपासून उभं राहून पाय सुजले, ते निघेनात. तुमच्या कानात सांगणार, तोवर तुम्ही भरसभेत ओरडून राहिले! दोन चपराशी माझा एकेक पाय ओढत होते आणि साहेब रुमालात तोंड घालून हसत होता. आता बाजारात लोक आधी माझ्या पायांकडे पाहतात. काहून हो, व्याह्याची एवढी शोभा? जमुना येणार नाही. बाळंतपण इथेच होईल.

लोभाचं सुचलं तर लिहीन.

---

अकोला, मार्गशीर्ष शु. १३

सा. न. वि. वि.

पाय सुजले होते, तर पाटावर दुसरा यजमान बसवता आला असता. पण साहेबांशेजारची जागा कोण सोडतो?

भांडण आपले, आणि अडवता पहिलटकरणीला? हे कोणत्या शास्त्रात आहे? मी बरीच वाचली आहेत. आठ दिवसांनी निघतो. तुमच्या ओट्यावर बसेन. लेकीच्या घरचे पाणी मी घेत नाहीच, तेव्हा तुम्हांला तोशीस नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला कारण सांगेन. संस्कृतात कळले नाही तर वऱ्हाडीत.

कळावे. लोभाचे तुम्हीच पाहा.

---

अमरावती, मार्गशीर्ष व. १

शास्त्रीबुवा,

निघू नका. जमुनेला घेऊन बैलांची धमणी आज पहाटेच गेली. तिच्या सासूने, आमच्या कौशल्याबाईंनी, मला न विचारता गाठोडी बांधली. अडवायला उठलो, तर जमुना पाया पडायला आली. पोरीला वाकता येईना.

गाडीवानाला हळू हाक म्हणून सांगत मूर्तिजापूरच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. तुमच्यावरचा राग तसाच आहे. पोर पोचली एवढं कळवा. बाकी मजकूर नको.