फक्त अठरा वर्षांवरच्या बहिणींसाठी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे). इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला थांबला का, की अजून तुझं बोलणं तोडायला तो त्यांना उपयोगी पडतो? फोनवर तू ‘बरंय’च्या पुढे सरकत नाहीस, म्हणून लिहायला बसले. एक आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला ठेवणार नाहीस : यात आईच्या कपाटाचा विषय नाही. आई गेल्यापासून कपाट तुझ्याकडे आणि किल्ली माझ्याकडे आहे, ते तसंच राहू दे. (तू म्हणतेस, किल्लीवालीने यावं. मी म्हणते, कपाटवालीने बोलवावं. दोघींचंही बरोबर आहे आणि कपाट बंद आहे.) विषय आहे माझ्या लेकीचा.

ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, हे तुला ठाऊक आहेच. शिवायला कपडे घेऊन येणाऱ्या बायकांना मी आजवर सांगत आले की पोर लहान मुलांचे खेळ करते. तर परवा जेवताना ती म्हणाली, माझा नवा गेम फक्त मोठ्यांसाठी आहे. मी हातातला घास ताटात ठेवला. आमचे हे मात्र शांतपणे म्हणाले, मोठ्यांसाठी म्हणजे अक्षरं मोठी असतील. (उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला की माणसाचं डोकं वर जातं, खाली येतं, पण आडवं म्हणून कधी जात नाही.) वर तिने सांगितलं, कंपनीत सगळ्यांच्या आईवडलांना खेळ खेळून बघायला बोलावलंय, तुम्ही दोघं या. म्हणजे पोरीने केलेला अचरटपणा आईबापांनी शेजारी बसून बघायचा! मी ओढणी बरोबर घेतली. वेळ आलीच तर यांच्या डोळ्यांवर टाकता येईल म्हणून.

कंपनी म्हणजे एक लांबलचक खोली, पडदे ओढलेले, प्रत्येकजण आपापल्या चौकटीत डोकं खुपसून बसलेला. पोरीचा साहेब जेमतेम तिशीचा, दाढी राखलेला, पायात नुसते मोजे. माणूस अदबशीर. त्याने आधी कंपनीचा गाजलेला गेम दाखवला. डब्यावर ठळक अक्षरांत अठराचा आकडा. मी विचारलं, हा मोठ्यांचा कशावरून? तर म्हणाला, यात रक्त आहे, शिव्या आहेत आणि कपडे कमी आहेत. शेवटचं खरं होतं. यातली शिपाईण अंगभर लोखंड घालून हिंडते आणि पोट तेवढं उघडं! ताई, चाळीस वर्षं मी मापं घेतेय. गोळी जिथे लागेल नेमकं तिथलंच कापड वाचवणाऱ्या शिंप्याला मी दुकानाची पायरी चढू देणार नाही. मी तसं साहेबाला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विषय बदलला.

मग पडद्यावरची बंदूक यांच्या हाती आली. चारी बाजूंनी शत्रू, आणि हे निघाले थेट इमारतीच्या लिफ्टकडे. लिफ्ट मजल्यावर पुरती टेकायच्या आतच दार उघडत होतं. झालं! हे तिथेच उभे राहिले. मागून गोळ्या लागताहेत, रक्ताच्या चिळकांड्या उडताहेत, हे मरताहेत, पुन्हा उठताहेत, की पुन्हा लिफ्टपाशी. साहेब म्हणाला, काका, शत्रू मागे आहे. हे म्हणाले, शत्रू नंतर बघू, आधी ही बंद करा, कुणाचा तरी जीव जाईल. सगळी खोली हसली. पण मला विचारशील तर त्या गेममध्ये मोठं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या पदरात पडलेलं आहे. मेलेला माणूस दर वेळी उठून उभा राहतो त्यात मोठ्यांचं काय आलं? तो तर पोरांचा शिवणापाणीचा खेळ झाला.

यांना तिथेच लिफ्टच्या तक्रारी सांगत बसवलं आणि पोर मला तिच्या टेबलापाशी घेऊन गेली. मी ओढणी सरसावली. पडद्यावर काय, तर एक साधी खोली. खिडकी, खुर्ची, खुंटीला पिशवी. खोलीत पाठमोरी एक बाई, तिच्या हातात एक किल्ली. खाली दोन शब्द : ‘जाते’ आणि ‘नंतर’. ना रक्त, ना शिव्या. अंगावरचे कपडेही नीट, फक्त बाही खांद्यात ओढत होती. मी विचारलं, जायचं कुठे? म्हणाली, खेळ की. मी ‘नंतर’ दाबलं. (अनोळखी जागी मी नेहमी तेच करते.) काहीच झालं नाही. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं तेवढी गळली. पुन्हा ‘नंतर’ दाबलं, पानं आली. कुणी ओरडत नाही, गुण कापत नाही, घंटा वाजत नाही. मला बरं वाटलं, इतका सोपा खेळ! मी दाबत गेले. मधूनमधून खिडकीतून समोरच्या घराचं दार दिसायचं. दारात दुसरीच एक बाई येऊन रस्त्याकडे बघायची आणि आत जायची. आधी तिचे केस काळे होते, मग पिकले. मग ती दाराला धरून उभी राहू लागली. आणि कंबर दाबायला तिने हात मागे नेला, तो थेट तुझ्यासारखा, अंगठा पुढे आणि बोटं मागे.

मी हातातलं बटणांचं यंत्र खाली ठेवलं आणि म्हटलं, मला पाणी दे. पोर म्हणाली, आई, चुकलंय का काही? म्हटलं, बाही चुकलीय, उसवून पुन्हा लाव. ताई, खरं सांगते, मला रडू आलं. ओढणी शेवटी माझ्याच डोळ्यांना लागली. एवढी चार बुकं शिकलेली पोर, आपल्या दोघींचं भांडणसुद्धा नसलेलं भांडण तिने कधी बघून ठेवलं कोण जाणे. मी विचारलं, ‘जाते’ दाबलं तर काय होतं? ती म्हणाली, अजून काही होत नाही, ते मला बनवताच येत नाहीये. साहेब शेवट मागतोय. तू आणि मावशीने काय केलं असतं तेच मला माहीत नाही. कपाटात काय आहे तेही नाही.

साहेबाचं म्हणणं, शेवटाशिवाय गेम विकला जायचा नाही, आणि तो बारगळला तर पोरीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. मी त्याला म्हटलं, बाळा, मोठ्यांच्या गोष्टींना शेवट नसतो, म्हणून तर त्या लहानांपासून लपवतात. त्याला पटलं नाही. मलाही फारसं पटलं नाही.

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार. तू औषधं वेळेवर घे.

तुझी,
धाकटी

ता. क. कपाटाचा विषय नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, कारण कागद चांगला आहे. पण तुझ्या भाचीला शेवट हवाय, आणि तो तुझ्या घरात कुलपात पडलाय. तेव्हा पोरीसाठी म्हणून का होईना, उघडू या. आईचं काय निघेल ते निघेल. तिचा चष्मा निघाला तर तू ठेव, मला तो बघवायचा नाही.

ता. क. २. हे विचारताहेत, तुमच्या इमारतीची लिफ्ट मजल्यावर नीट टेकते का. तुझ्या कंबरेची काळजी आहे, असं म्हणायचं असतं त्यांना.

ता. क. ३. पाकिटाला वेडीवाकडी चिकटपट्टी दिसेल. किल्ली आत घालून चिकटवलं होतं, मग फाडून काढून घेतली. घेऊन मीच येतेय, रविवारी. तू दारात उभी राहू नकोस, आत बस. मी कडी वाजवीन.