नरडाणा फाट्यावरचा डबा

चोपडा,
२२ नोव्हेंबर १९९२

प्रिय वाल्मीक,

पुण्यात पाकिटं मिळत नाहीत का रे? कारखान्यात इंजिनिअर असलेला माणूस सख्ख्या बहिणीला लिहितो ते पोस्टकार्डावर! ‘ते भंगार विकून टाक, दाराची शोभा जाते’ हा तुझा हुकूम मार्चमध्ये आधी पोस्टमनने वाचला, मग गल्लीने. कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा रुपचंद भंगारवाला दारात उभा होता. म्हणाला, वाल्मीकभाऊंचं पत्र आलंय ना? म्हटलं, आलंय, पण मी अजून वाचलेलं नाही, तुम्हीच सांगा काय लिहिलंय. त्याने तोंडपाठ सांगितलं. ‘नानांस नमस्कार’ तेवढं सांगितलं नाही, कारण सख्ख्या बापाला ते तू लिहिलंच नव्हतंस.

रुपचंदला हाकललं आणि त्याच रागात ठरवलं, ही फियाट चालवून दाखवायची. बासष्टची गाडी, केळीच्या व्यापाऱ्याने पुरती पिळून मग नानांच्या गळ्यात मारलेली. मीटर दोनदा शून्यावर येऊन पुन्हा निघालेलं. त्यात नऊ वर्षं निंबाखाली उभी, सीटमध्ये उंदरांची नातवंडं नांदत होती. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, पान्ह्यांना नंबर असतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. असलम मिस्त्री शुक्रवारी नमाज आटोपून यायचे, शिकवायचे, आणि मी रविवारी गृहपाठ करायची. नवं काही घ्यायची ऐपत नव्हती. इंजिनाचं हेड जळगावच्या भंगारातून आणलं, एका मेलेल्या फियाटचं, ब्रेक दुसऱ्या मेलेलीचे. पहिल्याच रविवारी मी चारही प्लग चिंच लावून पितळी घागरीसारखे लख्ख घासले. मिस्त्रींनी ते उन्हात धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “अक्का, सैपाकघरातलं काही बी गाडीला लावू नका.” शेजारची लिलाबाई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही. का, ते पुढे लिहिते.

आईचा तो दिवस तूही विसरला नाहीस म्हणे. त्र्याऐंशीचा मे. आईचं पोट फुगलेलं, इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, धुळ्याला न्या म्हणाले. नाना चालवत होते, तू शेजारी, आईचं डोकं माझ्या मांडीवर. नरडाणा फाट्यावर बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन जाम झालं. टपरीवाल्या हारुनभाईंनी आपला पाण्याचा पत्र्याचा डबा तुझ्या हातात दिला. तू ओतत राहिलास आणि पाणी आत जाईचना, वरूनच परत येत होतं. दीड तासाने ट्रक मिळाला. आई धुळ्यापर्यंत पोचली नाही. आणि तिचं सगळं व्हायच्या आधीच तू चार लोकांदेखत नानांना म्हणालास, “नवा रेडिएटर घेतला असता तर ती जगली असती. तुमच्या चिकटपणाने मारलं तिला.” नाना बोलले नाहीत. तुझ्या लग्नात ते शेवटच्या पंगतीला पाव्हण्यासारखे जेवले, तेव्हाही बोलले नाहीत. वाढणाऱ्याने त्यांना विचारलं, आपण कुणाकडचे? हे तुला माहीत नसेल. तू फोटो काढून घेत होतास.

जूनमध्ये मिस्त्रींनी रेडिएटर उघडला. आतल्या नळ्यांत खडूसारखा घट्ट पिवळा थर. त्यांनी नखाने खरवडला, वास घेतला. हळद. गळती थांबवायला आपल्याकडचे ड्रायव्हर चिमूटभर टाकतात, इथे कुणीतरी मुठीने टाकली होती. मिस्त्री म्हणाले, गळका रेडिएटर पाणी भरत भरत धुळ्याला गेला असता, हा कोंडलेला कसा जाणार? कुणी टाकली, हे त्यांनी विचारलं नाही.

मी टाकली, वाल्मीक. नाना आईला उचलून आणत होते आणि गाडीखाली थेंब पडत होते. केळीच्या ट्रकवाल्यांना मी हळद टाकताना पाहिलं होतं, किती टाकतात ते पाहिलं नव्हतं. मी बरणीच रिकामी केली. तुझं पाणी आत जात नव्हतं तेव्हाच मला शंका आली. म्हणून तर नऊ वर्षं त्या बॉनेटला मी कुणाला हात लावू दिला नाही. तुझा राग नानांवर, माझा राग तुझ्यावर, आणि मी मधे सुखरूप. रुपचंदने गाडी नेली असती तर तेही कायमचं मिटलं असतं. ते मात्र करवेना.

त्याच संध्याकाळी नानांना सांगितलं. ते शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “तुना हात पिवया व्हतात. माले बठ्ठं माहीत शे.” गाडीत बसतानाच त्यांनी माझे पिवळे हात पाहिले होते, तेव्हापासून त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या वाटचं तुझं बोलणं हा माणूस नऊ वर्षं खात राहिला, आणि मी शेजारी बसून त्यांना भाकरी वाढत होते. त्यानंतरही पाच महिने मी ब्रेक, क्लच, वायरिंग असं काहीबाही करत राहिले, हे पत्र लिहायला लागू नये म्हणून.

आता लिहिलंय, बंद पाकिटात. तुझ्या पोस्टकार्डांचा राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही, पण तो वेगळा हिशेब. नानांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. त्यांना पत्र लिही, नाहीतर येऊन जा. तुला मला काय बोलायचं ते पोस्टकार्डावर लिही. गल्लीला वाचू दे.

गेल्या रविवारी गाडी निघाली. मी चालवत होते, नाना शेजारी होते. नरडाणा फाट्याला थांबलो. हारुनभाई थकलेत, टपरी तीच आहे. त्या दिवशी परत द्यायचा राहिलेला त्यांचा डबा इतकी वर्षं डिकीत पडून होता. मी तो राखेने घासला होता, झाकणाला नवी कडी बसवून घेतली होती. पंपावर पाण्याने काठोकाठ भरला आणि त्यांच्या माठाशेजारी ठेवून दिला. ते गिऱ्हाइकाचा चहा गाळत होते. त्यांना काही आठवलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

अजून तुझीच,
अक्का