खाली नुसता बर्फ

सोम. ९ फेब्रु. २००९
तीन महिने वहीला हात लावला नाही. माफी मागायची तर कोणाची, वही माझीच. आज राग कुठेतरी उतरवायला हवा.
फाइल सिस्टीमच्या वेगाची जी चाचणी मी बसवली, तीत ती चालवणाऱ्या तांडेलबाईंनी खोट काढली. चाचणी एकेक जीबीच्या शंभर फाइली बनवते. ऐंशी जीबीच्या डिस्कवर शंभर जीबी मावले कसे? भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "राणे, आमच्या शीव कोळीवाड्यात अशी पाटी लगेच ओळखतात. वर चार पापलेटं, खाली नुसता बर्फ!"
सगळे हसले. मी तडकलो. "मासळीबाजार घरी ठेवा. आधी कमांड नीट द्यायला शिका."
हे मी बोललो. शिकलेला माणूस.

मंगळ. १०
साहेब म्हणाले, "आकडे ग्राहकाकडे गेलेत. घोळ तांडेलचाच. शुक्रवारपासून तिला या कामावरून काढतो." मी गप्प. गप्प म्हणजे हो.
राग अजून तिच्यावरच. का?

बुध. ११
स्वतः तपासलं. यादीत प्रत्येक फाइल एक जीबी. डिस्कवर व्यापलेली जागा पाहिली, तर चार केबी! स्क्रिप्ट उघडली. फाइल झटपट बनावी म्हणून थेट शेवटच्या बाइटवर उडी, तेवढा एकच लिहिलेला. मधे पोकळ. पोकळ वाचायला डिस्कला हातही लावावा लागत नाही, मग वेग का नाही दिसणार?
स्क्रिप्टच्या डोक्यावर नाव: माझं.
कान तापले. बर्फ मीच भरला, आणि ओरडलो तिच्यावर.

गुरु. १२
लालबागला बाबांकडे. ते ब्याऐंशीच्या संपापर्यंत ज्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत होते, तिच्याच आवारात आज माझं ऑफिस. सगळं सांगितलं.
"कापडात खोट गावली की जॉबर ती साचेवाल्याच्या नावार घाली," बाबा म्हणाले. जॉबर म्हणजे साच्यांवरचा मुकादम. "मगे तू जॉबर झालंस."
"बाबा, नोकरी जाऊ शकते."
"माझी गेली नाय? चा पी."
संताप आला. स्वतःचा, त्यांचा नव्हे. खरं म्हणजे थोडा त्यांचाही.
बाईंना आत्ता फोन करून माफी मागणं सोपं. पण अपमान चारचौघांत केला होता. सकाळपर्यंत हा धीर टिकेल की...

उद्या: दहाच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, माझी स्क्रिप्ट मोठ्या पडद्यावर उघडणे.