पांढऱ्या गाडीची चाकं

५ मार्च, मंगळवार

टायर नवे आहेत म्हटलं तर फोल्कर्ट हसला. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाच्या तोंडावर हसू नये. पण तो आणि माझा नवरा हाब्बो एका वर्गात होते, त्यामुळे आमच्या अंगणात त्याला सगळं माफ.

आणि दिसतात नवेच! नक्षी अशी खोल की कोंबडीचं बोट अडकेल. हाब्बोने बसवले, दोन उन्हाळे फिरलो, मग हाब्बो गेला आणि ही राहायची गाडी, आत चूल-बिछान्याची, बहुतेक वेळ गोठ्याच्या भिंतीशी उभीच. फोल्कर्ट गुडघे टेकून बसला, टायरच्या बगलेत नख खुपसलं आणि मला वाकायला लावलं. बारीक बारीक भेगा. माझ्या टाचेसारख्या. मग एका चौकटीत चार आकडे दाखवले — कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते. टायरला जन्मतारीख असते! एवढी वर्षं त्यांच्यावर बसून फिरले, कुणी सांगितलं नाही.

"उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत गं गेस्के, म्हातारे होतात," म्हणाला.

"माझ्याकडे बघून बोलू नकोस," मी म्हटलं.

चारही बदलायचे. नाहीतर तो गाडी तपासणीला नेणारच नाही, आणि तपासणी नाही तर ईस्टरला डेन्मार्क नाही.

६ मार्च, बुधवार

ज्याची गाडी होणार त्याने टायर निवडावेत ना? डोकं माझं का दुखवायचं?

मागच्या शरदात मी गाडी धान्य सोसायटीच्या भिंतीला घासली. भिंतीला काही झालं नाही. पण विबके म्हणाली, आई, आता पुरे. आपलीच लेक, ओरडली असती तर मीही ओरडले असते. हळू आवाजात म्हणाली, म्हणून हो म्हटलं. ईस्टरची सहल झाली की गाडी जावयाच्या नावावर करायची. तोवर मालक मी, चालवणार तो.

हो म्हणून बसले खरी. तेव्हापासून गोठ्याकडे जाताना गाडीकडे बघायचं टाळते. काय वाटतं ते कळत नाही, म्हणून लिहीतही नाही.

९ मार्च, शनिवार

मालटे आला. माझा जावई विम्याच्या कंपनीत आहे, लोकांचं काय काय वाईट होऊ शकतं ते मोजायचा पगार घेतो. टेबलावर कॉम्प्युटर उघडला. उन्हाळी टायर, हिवाळी टायर, बारमाही टायर. हिरवं, पिवळं, लाल. ओल्या रस्त्यावर थांबायला किती, आवाज किती, डिझेल किती. मी विचारलं, यातला चांगला कुठला? म्हणाला, आई, तसं नसतं, प्रत्येकाचे फायदे-तोटे असतात.

मग एवढं रंगवलंस कशाला!

हिवाळी टायरवर एक डोंगर काढलेला असतो आणि डोंगरात बर्फाची चांदणी. ती असेल तरच खरा हिवाळी. नुसती दोन अक्षरं असतील तर आधी चालायचं, आता चालेल पण चालणार नाही. असंच म्हणाला. मी दोनदा विचारलं, दोनदा असंच म्हणाला.

बोलता बोलता चहात साय घातली आणि ढवळली. पंधरा वर्षं जावई आहे. साय ढवळायची नसते, आपण होऊन खाली उतरू द्यायची असते, हे त्याच्या कोष्टकात नाही. हानोवरचा माणूस, आमच्याकडची रीत नाही त्याला.

१२ मार्च, मंगळवार

फोल्कर्टकडे सायकलने गेले. डोंगर-चांदणीचं विचारलं. म्हणाला, ते सोड, बारमाही घे, मुद्दा वेगळाच आहे. मुद्दा एका अक्षराचा. सामानाच्या गाड्यांच्या टायरवर एक अक्षर, राहायच्या गाड्यांच्या टायरवर आणखी एक जास्त. जास्तीच्या अक्षराचा टायर जाड. घर भरून महिनोन् महिने उभी राहणारी गाडी तो पेलतो. पण हवा दाबून भरावी लागते.

घरी येऊन मालटेला फोन केला. तो म्हणाला, त्या टायरांनी गाडी फार दणके देते, लोकांनी लिहिलंय. कुठल्या लोकांनी? लोकांनी. परत फोल्कर्टला फोन. तो म्हणाला, दणके बसले तर बशा कपाटात नीट लाव. शेजारच्या हिल्केला विचारलं. ती म्हणाली, गोल असले की झालं.

आतापर्यंत पटेल असं एवढंच कुणी बोललंय.

१६ मार्च, शनिवार

सगळं उलटंपालटं झालं.

मालटे म्हणाला, टायर किती वजन पेलणारे घ्यायचे ते ठरवायला आधी गाडीचं वजन हवं. बरोबर बोलला, नाही म्हणायला जागाच नव्हती. सहलीला नेतो तसं सगळं भरलं. खुर्च्या, मांडव, पाण्याची टाकी, माझी लोखंडी कढई, चहाची भांडी, नातीची रबरी होडी. आणि मागे त्यांच्या दोन बॅटरीच्या सायकली. सायकल कसली, वासरू आहे. मी माझी उचलते एका हाताने.

सोसायटीच्या काट्यावर गाडी चढवली. भिंत तिथेच आहे. पांढरा ओरखडा अजून दिसतो. मालटे त्याकडे बघत नव्हता, मुद्दाम.

काट्याने सांगितलं, गाडी जड आहे. कागदावर साडेतीन टन लिहिलेत, त्याच्या बरीच वर, आणि अजून आम्ही आत बसलोही नव्हतो. मालटेचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे इतकी वर्षं? म्हटलं हो, इतकी वर्षं, आणि हाब्बो गाणं म्हणत चालवायचा.

मग उपसायला सुरुवात. आधी माझी कढई. मी म्हटलं, कढई खाली तर मी पण खाली. विबके म्हणाली, आई, तुझ्या कढईने नाही गं काही होत. मी म्हटलं, मग असू दे ना. सायकलींचं नाव कुणी काढलं नाही.

१८ मार्च, सोमवार

फोल्कर्टकडे तोड निघाली. काहीच खाली उतरवायचं नाही. रिम जास्त वजन पेलणाऱ्या, टायर जास्त वजन पेलणारे, ते जास्तीच्या अक्षराचेच, आणि मागच्या स्प्रिंगांत हवेचे फुगे. मग तपासनीस बघून शिक्का मारतो आणि कागदावरचं वजन वाढतं. तीन टन आठशे पन्नास.

मला हे समजत नाही. पत्रा तोच, इंजिन तेच, गंज तोच. खाली चाकं बदलली की वर मावतं? तसं असेल तर मलाही नवे बूट घ्या.

मालटे मात्र खूश. फोनवर एवढा खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता. म्हणाला, आई, हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग. मीच करून टाकतो सगळं, तुम्ही फक्त सही करा. दोनदा म्हणाला, मी जबाबदारी घेतो.

२३ मार्च, शनिवार

रिम. देवा!

मालटेला काळ्या हव्यात, चकचकीत, फुलासारख्या. मला साध्या लोखंडी, रुपेरी, होत्या तशा. डिझेलचा डाग पडला तर पुसता येतात. फोल्कर्टने मालटेचं चित्र हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाला, सुंदर आहेत, पण यांच्यावर दूधवाल्याची गाडी चालेल, ही नाही. रिमलाही वजन लिहिलेलं असतं म्हणे. आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही.

शेवटी करड्या घेतल्या. मलाही आवडल्या नाहीत, मालटेलाही नाही. म्हणजे वाटणी सारखी झाली.

घरी येताना गाडीत विबके म्हणाली, आई, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं. मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्यासाठी? कसं ते विचारायला हवं होतं. कोण कुणाला नेतंय, हल्ली माझ्या ध्यानातच राहत नाही. मी सामान आहे की माणूस, ते त्या काट्याला विचारायला हवं होतं.

३ एप्रिल, बुधवार

बसली. चाकं.

गाडी उंच झाली आहे. पायरी चढताना दार धरावं लागतं. फोल्कर्ट म्हणाला, एक चक्कर मार ना, वाट कुणाची बघतेस? मी म्हटलं, आता ते माझं काम नाही. तो फडक्याने हात पुसत राहिला, पुसून झाले तरी.

तो गेल्यावर आत जाऊन बसले. चालवायच्या जागेवर. किल्ली नाही लावली. आरसे हाब्बोच्या उंचीचे होते, ते मी माझ्यासाठी कधीच खाली केले होते. आता मालटेच्या उंचीचे आहेत. हात लावला नाही.

९ एप्रिल, मंगळवार

तपासनीस आला, खाली झोपला, फुगे दाबले, रिमच्या आतला आकडा वाचला, शिक्का मारला. एक शब्द बोलला नाही. असा नवरा हवा.

११ एप्रिल, गुरुवार

जिल्ह्याच्या गावी, गाड्यांच्या ऑफिसात. नवा कागद घ्यायला. मालटेने सुट्टी काढली, गाडी त्यानेच चालवली, मी शेजारी. सही माझी लागते म्हणून मला न्यावं लागलं.

खिडकीवर एक तरुण बाई. जुना कागद घेतला, नवा छापला, त्यावर ३८५०. माझी सही घेतली. मग मालटेकडे बघून विचारलं, गाडी तुम्ही आणलीत? हो. लायसन्स कुठल्या सालचं?

मालटे म्हणाला, दोन हजार.

बाई म्हणाली, "मग परत कोण नेणार?"

मला वाटलं काहीतरी दंड आहे. मालटेलाही तेच वाटलं असणार, कारण त्याने खिशाला हात घातला. तिने समजावलं, शांतपणे, रोज दहा जणांना समजावत असल्यासारखं. नव्व्याण्णव सालापासून ज्यांनी लायसन्स काढलं त्यांना साडेतीन टनांपर्यंतच चालवता येतं. त्याआधीच्या लोकांना साडेसात. सकाळी ही गाडी साडेतीनची होती. आता नाही.

मालटे कागदाकडे बघत राहिला. ते वजन त्यानेच मागितलं होतं. धोका मोजून.

बाईने मला विचारलं, आजी, तुमच्याकडे आहे? मी पिशवीतून करडं फडकं काढलं, माझं जुनं लायसन्स. त्यावरचा फोटो बघून ती हसली, वेण्या आहेत. म्हणाली, ट्रकसुद्धा चालवता येईल तुम्हाला.

बाहेर आलो. मालटेने विबकेला फोन केला. ती त्याच्याहून लहान, तिचंही नवंच. मग फोल्कर्टला. फोल्कर्टचा आवाज मला लांबून ऐकू आला, तीन गाड्या जॅकवर आहेत, म्हणाला, आणि तुझ्या शेजारी उभी आहे ती काय खांब आहे?

मालटेने किल्ली माझ्यापुढे धरली. दिली नाही, धरली. मी घेतली. चढून चालवायच्या जागेवर बसले. आरसे खाली केले. फाटकाच्या खांबापाशी मालटेने जमिनीवर पाय दाबला, जणू ब्रेक त्याच्याकडे आहे. खांब राहिला जागेवर. रस्त्यावर आल्यावर कळलं, टायर दणके देतात हे खरं. मागे बशा वाजत होत्या. घरापर्यंत मी वळणं मोजत आले.

१३ एप्रिल, शनिवार

दिवसभर फोन. वजन परत कमी करता येतं का? येतं. पण मग काटा आहे आणि सायकली आहेत. सायकली घरी ठेवायच्या का? विबके म्हणते हो, मालटे म्हणतो तरीही भागत नाही, आकड्यात बसत नाही, आम्ही चौघं बसलो की जातंच वर. मोठ्या लायसन्सची परीक्षा? शरदापर्यंत नंबर नाही. ऐकून ऐकून माझं डोकं पुन्हा त्या टायरच्या दिवसांसारखं झालं. कोण बरोबर, कोण चूक, मला अजून कळलेलं नाही. गाडी मात्र अंगणात आहे आणि मी सकाळी तिने जाऊन दूध आणलं.

दूध चालतही आणता आलं असतं.

१८ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी सामान घेऊन सगळे आले. मालटेच्या बॅगेत गाडी नावावर करायचा कागद होता, आधी ठरल्याप्रमाणे भरून आणलेला. टेबलावर ठेवला. मी वाचला, सावकाश, मला वेळ लागतो. मग विचारलं, चालवणार कोण?

त्याने कागद घडी घालून परत बॅगेत टाकला. चहा घेतला. साय ढवळली नाही.

मग म्हणाला, "आई, उद्या किती वाजता निघायचं?"