भेटीचं कारण

१२ नोव्हेंबर
व्हिसा नाकारला. आईंचा आणि अण्णांचा, सासू-सासरे दोघांचाही. कंपनीत होते, प्रेशर गेज तपासायला लावलेला, तेवढ्यात मेल. भेटीचं कारण पटत नाही. मुदत संपल्यावर परत जातील याची खात्री वाटत नाही.
न पटायला काय आहे? नणंद कॅनडात, फेब्रुवारीत बाळंत होणार, तिची आई बाळंतपणाला जाणार. तसं पत्र मी स्वतः लिहून दिलं होतं.
नवऱ्याला, अमेयला, जहाजावर मेसेज. त्याचं उत्तर : "तू नीट तपासलं नव्हतंस का?"
मी गेज पुन्हा तपासायला घेतला.

१३ नोव्हेंबर
हाफ डे. मारुती मंदिरजवळचा एजंट. भरलेल्या अर्जाची प्रत मागितली. भेटीचं कारण : पर्यटन. माझं पत्र जोडलेलंच नाही.
"मॅडम, तुमच्या सासूबाईंचाच फोन आला होता. म्हणाल्या, पोरीला दिवस गेलेत ते कुठं लिहू नका."
"आणि तुम्ही ऐकलंत."
"अर्जदार त्या आहेत ना."
बरोबर बोलला. म्हणून जास्त राग आला. अण्णांचं नाव घालायची कल्पनाही त्याचीच, जोडीनं गेलं की बरं दिसतं म्हणे. घराला कुलूप लावून निघालेली म्हातारी जोडी परत येईल असं कुणाला वाटेल?
घरी आई तांदूळ निवडत होत्या. विचारलं. मान वर नाही.
"पोरीची सुटका होईस्तोवर जगाला कशाला सांगायचं?"
"जगाला नाही. व्हिसा ऑफिसरला."
"तो काय जगाबाहेरचा? घाटावरच्या माणसांना सगळं मोठ्यानं बोलायची सवय गो."
मी कराडची, लग्न करून घाट उतरलेली. हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकते. आज ऐकून घेतलं नाही, रात्री अर्ध्या ताटावरून उठले. अण्णा म्हणाले, "आमटीनं काय केलंय? ती तरी जेव."

१६ नोव्हेंबर
केतकीचा फोन, कॅनडातून. बीपी वाढलंय. डॉक्टरनी पडून राहायला सांगितलंय. तिच्या नवऱ्यानं आत्ता रजा घेतली तर बाळंतपणात मिळणार नाही. दिवसभर एकटी.
"वहिनी, आईला सांगू नकोस हं. जीव खाईल स्वतःचा."
मी म्हटलं, डॉक्टरांचं पत्र घे. बीपी, विश्रांती, घरात माणूस हवं, सगळं त्यात हवं.
"पण मग ते आई वाचेल."
"वाचतील. अर्जदार त्या आहेत."
एजंटचं वाक्य माझ्या तोंडून.
आई जगापासून लपवतात, मुलगी आईपासून. दोन्ही तोंडं बंद केलेला पाइप फुटतो तो मधे कुठेतरी. मधे मी.

१९ नोव्हेंबर
डॉक्टरांचं पत्र आलं. आईंना न दाखवता जोडता आलं असतं. त्यांनी माझं पत्र असंच काढलं होतं ना. पाच मिनिटं तो विचार मनापासून केला.
मग मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवलं. त्या उठून पुढच्या अंगणात, खळ्यात गेल्या. परत आल्या तेव्हा पाय धुतलेले, तोंडही.
"मागच्या खेपेला चोरओटी केली तिची. फोनवर. चोरओटी म्हणजे पहिल्या महिन्यांत दोघी-चौघींत गुपचूप उरकायची. मी आख्खी आळी बोलावली. मुलगी परदेशात, मिरवायचं होतं. आठवड्यात फोन आला, सगळं संपलं म्हणून."
हे माझ्या लग्नाआधीचं. अमेय एका शब्दानं बोलला नाही कधी. या घरातल्या गोष्टी मला अर्जात लागल्या तरच कळतात.
मी म्हटलं, बायकांनी बघितलं म्हणून गर्भ जात नाही.
"ते मलाही कळतं. शाळेत गेल्येय मी." पदरानं तोंड पुसत : "पण गेला ना?"
मी पत्र घडी करून फाइलमध्ये ठेवलं.

२१ नोव्हेंबर
नवा अर्ज. एकट्या आईंचा. एजंट नाही.
अण्णा : "मी इथंच राहतो, तारण म्हणून. मोहोर धरला की कलमांवर फवारणी कोण करणार? तुझा नवरा बोटीवरून?"
आई : "नि मी नाहीच आले परत तर?"
"मग तारण बुडालं. सरकारचं नशीब."
आधी पर्यटन, आता बाळंतपण, असं का, हे लिहून देणं भाग. नाहीतर खोटं दिसेल. होतंच खोटं. चुकीचं दाखवणारा गेज आधी चुकीचा म्हणून नोंदवावा लागतो, मग दुरुस्ती. पण दृष्ट लागायची भीती त्या ऑफिसरला कशी सांगू? तीन मसुदे केले. सगळे वकिली.
आई शेजारी बसून होत्या. "लिही, मी घाबरले होते. आधीचं एक गेलंय म्हणून."
तेवढंच लिहिलं. सही त्यांनी सावकाश केली, पूर्ण नावानं. बोटांचे ठसे आधीचे चालतात, मुंबईची खेप वाचली. अर्ज पाठवला.
अमेय : "तुला जमतं गं हे सगळं." पुढे अंगठा.
मी : "जमत नाही. करावं लागतं." मेसेज अजून त्याला पोचलेला नाही. रेंज नसावी.

८ डिसेंबर
काही नाही. रोज सकाळी उघडून बघते. प्रक्रिया चालू.
केतकीला दवाखान्यात ठेवलंय, देखरेखीखाली. बाळ लवकर काढावं लागेल कदाचित. या खेपेला तिनं स्वतः आईंना फोन केला.

११ डिसेंबर
अजून तेच.
कंपनीत निघाले तर फाटकाशी मासेवाली टोपली उतरवून बसलेली. आई तिच्यासमोर, आवाज रस्त्याच्या पलीकडे जाईल असा.
"आज पापलेट दे. माझ्या केतकीला दिवस गेलेत. कॅनडाला चाललेय मी बाळंतपणाला."
"अगो बाय! व्हिसा आला?"
"येईल. सगळं खरंखरं लिहून दिलंय या खेपेला."
समोरच्या गॅलरीतून दोघी वाकून ऐकत होत्या. दृष्ट लागेल असं मनात आलं. माझ्या. मी या असल्या कशावर विश्वास ठेवत नाही.
"आई, पुरे. आत चला."
सुटे मोजता मोजता त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"काय गो? घाटावरची ना तू?"