दागिन्यासारखं फाटक

आई,

रीडिंग गावाजवळच्या त्या कंट्री हाऊसचं, त्या जुन्या उमरावी वाड्याचं फाटक काल पुन्हा पाहिलं. नवा सोनेरी रंग दिलाय. लोखंडी वेली, पानं, वरचे दोन सिंह, सगळं लखलखीत, आणि कुलूप होतं तसंच. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथे गेले की साडीखाली पांढरे स्नीकर्स घातलेली तू दिसतेस.

माझ्या बाळंतपणाला इंग्लंडला आली होतीस. तुझ्या जावयाने तुला, मला आणि तान्ह्या पोरीला सकाळी कारने तिथे सोडलं. चारला न्यायला येतो, म्हणाला. माझा पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली त्याच्याकडे. तुला फोन करायचं कॉलिंग कार्डसुद्धा तोच आणायचा, मनात आलं तर. मारत नव्हता ना, मग सांगणार काय कुणाला? तिथली स्वयंसेविका म्हणाली, हे फाटक आम्ही उघडतच नाही, खांब हलतील. मी तुला सांगितल्यावर तू हसलीस. "म्हणजे दार नाहीच गं हे. दागिना आहे." मला एकदम रडू फुटलं. "आई, मला घेऊन चल तुझ्याबरोबर," म्हटलं मी. तू लोखंडी वेलीवरून हात फिरवत विचारलंस, "डिंकाचे लाडू खातेस ना रोज?" असा संताप आला होता मला तुझा.

मग आपण भिंतीच्या कडेने चालतोय. जुन्या विटांची उंच भिंत, संपता संपत नाही. कोपऱ्यात माळ्यांचं बुटकं लाकडी दार आहे. तू ढकलतेस, ते उघडतं. वाकून पलीकडे जातेस. तिथे रस्ता आहे, बस स्टॉप आहे.

"ये," म्हणतेस.

मी पोरीची प्रॅम घालून बघते. दारातून जात नाही.

"गाडी राहू दे तिथेच. पोरीला उचल आणि ये."

"अगं, महागाची आहे. हा चिडेल."

तू पदर सावरून आत येतेस आणि दार ओढून घेतेस. चारला कार आली.

मी मात्र ते लाडवांचं बोलणंच मनात धरून बसले. तू दार उघडून उभी होतीस हे कळायला मला फार उशीर झाला, तोवर तू नव्हतीस. तुझी नात आता युनिव्हर्सिटीत आहे. पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये असतो. घर तेच, माणूस तोच.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील इथेच. काल ते बुटकं दारही दिसलं. उघडं निघालं तर काय करायचं, या भीतीने मी त्याला हात लावला नाही.