यंदाची पहिली मूठ

सुरेशीच्या आजोबांना घरच्या म्हातारीचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. इथे मंडुव्याची भाकरी मिळत नाही, एवढंच. गुडघ्याला तेल लावता ना?

आपल्या नदीतला महाशीर मासा संपला, तो तुमची नात इथे टाक्यांत वाढवते. पाणी जरा गढूळलं की ताटावरून उठते. बोटाएवढी झालेली पिल्लं ती जत्रेआधी आपल्याच डोहात सोडणार आहे.

मी म्हटलं, “मौणाच्या जत्रेत सगळा गाव तिमूरच्या सालीची पूड पाण्यात टाकून मासे गुंगवतो. ही कशी टिकतील?”

म्हणाली, “आजी, आजोबांनी पहिली मूठ टाकल्याशिवाय कुणी टाकत नाही ना?” आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

तेव्हा यंदा ढोल वाजवा, नाचा, पण मूठ उघडू नका. लोक म्हणतील, म्हातारा बायकोला भितो. म्हणू दे, खोटं थोडंच आहे?

तुमच्या चुलीची मालकीण,
बैसाखी